उमलुजच्या पुढे थांबलेली गाडी

बदरुद्दीनच्या गॅरेजात मागच्या कोपऱ्यात एक पांढरी गाडी ताडपत्रीखाली उभी होती, आणि तिच्याबद्दल कोणी विचारलेलं त्याला खपत नसे. एखादं नवं गिऱ्हाईक सहज म्हणायचं, "ती विकायची आहे का हो?" तर हा पान्यावरची नजर न हलवता म्हणे, "नाही." संपलं. तसा माणूस काही मुखदुर्बळ नव्हता. जेद्दाच्या त्या सनाइयात, म्हणजे जिथे नुसती गॅरेजं, वेल्डिंगची दुकानं आणि जुन्या टायरांचे ढीग, तिथे त्याच्या जिभेचा पट्टा सगळ्यांच्या ओळखीचा होता. गाडीची हेळसांड करून आणणाऱ्याला तो असा सोलून काढायचा की बिचारा बिल न विचारता पैसे काढायचा. दाभोळच्या खाडीकाठचं तोंड ते, गोड कुठून असणार. पण त्या ताडपत्रीपाशी आलं की हेच तोंड शिवल्यासारखं बंद व्हायचं.

गाडी शारीकची, त्याच्या मुलाची. शारीक तबूकला बांधकामाच्या साइटवर सुपरवायझर होता. महिन्या-दीड महिन्याने घरी यायचा, आईच्या हातचं खायचा, झोपायचा, आणि पहाटे फजरची नमाज झाली की परत निघायचा. गेल्या हजच्या हंगामात, उन्हाळा ऐन भरात असताना, वाटेतलं उमलुज हे समुद्रकाठचं गाव ओलांडल्यावर त्याची गाडी तापली. त्याने ती रस्त्याच्या कडेला घेतली, इंजिन बंद केलं, खाली उतरला, आणि मागून आलेल्या ट्रेलरने त्याला उडवलं. गाडीचं काय झालं म्हणाल, तर डावीकडचा आरसा गेला आणि दारावर एक ओरखडा आला. ज्याच्यासाठी घेतली तो उमलुजच्या कब्रस्तानात, आणि गाडी धडधाकट घरी. असल्या गोष्टीवर माणसाने कोणावर चिडायचं, सांगा.

बदरुद्दीन स्वतःवर चिडला होता, आणि त्याला कारणही होतं. शारीक निघायच्या आदल्या संध्याकाळी घराखाली गाडीपाशी उभा राहून म्हणाला होता, "अब्बा, इंजिनचा पिवळा दिवा लागतोय मधून मधून." हंगामाचे दिवस. हाजींच्या बसगाड्या गॅरेजाबाहेर रांग लावून उभ्या, बदरुद्दीनला श्वास घ्यायला फुरसत नाही. त्याने पिशवीतला स्कॅनर गाडीला जोडला, पडद्यावर उमटलं की पाण्याचं तापमान सांगणाऱ्या सेन्सरची तक्रार आहे. असल्या तक्रारी तो उठता-बसता बघायचा. सनाइयात त्याला दिवा पुसणं म्हणतात: बटण दाबायचं, नोंद खोडायची, दिवा गायब. त्याने तो पुसला. "सेन्सरचं नाटक आहे रे. काही होत नाही. पुढच्या खेपेला आलास की बदलतो."

खुर्शीद, त्याची बायको, तेव्हा मुलासाठी सुक्या बोंबलाच्या चटणीची बरणी घेऊन तिथेच उभी होती. तिने ते तिन्ही शब्द ऐकले होते. काही होत नाही.

शारीक गेल्यापासून ती नवऱ्याशी कामापुरतं बोलायची. जेवण वाढलंय. गॅस संपलाय. दाभोळहून फोन होता. भांडण नाही, आदळआपट नाही, एक शब्दाचा आरोप नाही. भांडली असती तर बरं झालं असतं; भांडणाला निदान उत्तर देता येतं. घरात नवरा-बायको आणि धाकटी इकरा अशी तीन माणसं, आणि तिन्ही माणसं पाहुण्यांसारखी वागत होती.

बांध फुटला तो इकरामुळे. ती लॅब टेक्निशियन, किंग अब्दुल्ला इकॉनॉमिक सिटीतल्या एका क्लिनिकात कामाला. नेणारी-आणणारी कंपनीची व्हॅन बंद व्हायची होती. लायसन तिने केव्हाच काढलेलं होतं. एका रात्री जेवताना ती खाली मान घालून म्हणाली, "अब्बा, भाई की गाडी मुझे दे दो ना. वरना नौकरी छोडनी पडेगी."

इथल्या इंडियन शाळेत शिकलेली पोर, मराठीत विचारलं तरी हिंदीत उत्तर द्यायची. बदरुद्दीनचा घास हातातच राहिला. तोच रस्ता, समुद्राच्या कडेने उत्तरेला जाणारा, फक्त पोरीचं ठिकाण अलीकडे. त्याने खुर्शीदकडे बघितलं. वाटलं, आता ही ताट भिरकावणार.

खुर्शीदने ताट भिरकावलं नाही. तिने पाण्याचा ग्लास त्याच्यापुढे सरकवला आणि कित्येक महिन्यांत पहिल्यांदा त्याच्या डोळ्यांत बघून बोलली. "ती गाडी का थांबली ते मला कळू दे, इकराचे अब्बा. सगळ्या जेद्दाच्या गाड्यांची दुखणी तुम्हाला कळतात. ह्या एका गाडीचं कळत नाही? का थांबली ते मला सांगा. मग हवं तर पोरीला द्या, हवं तर भंगारात घाला."

 खरं सांगायचं तर इतके दिवस तो ह्यालाच भ्यायला होता. ताडपत्री काढली आणि आत आपलीच चूक निघाली, आपण पुसलेला तो दिवाच मुलाचा जीव घेऊन गेला असं निघालं, तर ह्या बाईला तोंड कसं दाखवायचं? पण ती आता विचारून बसली होती. तिला उत्तर दिल्याशिवाय ह्या घरात कोणी कोणाशी बोलणार नव्हतं, हे त्याला स्वच्छ दिसलं.

शुक्रवारी, जुम्म्याच्या दिवशी, सनाइया बंद असतो. सकाळीच त्याने शटर अर्धं उचललं आणि ताडपत्री ओढली. धुळीचा लोट उठला. सीटवर शारीकची टोपी होती, कप हातात धरून पिताना सांडलेल्या चहाचा डाग होता. बदरुद्दीन थोडा वेळ नुसता दाराला हात लावून उभा राहिला. मग त्याने नाक पुसलं आणि बॅटरी आणायला वळला.

शेजारच्या दुकानात बाळकृष्ण राहायचा, गाड्यांच्या वायरिंगचं काम करणारा, कणकवलीकडचा. दुकानाच्या माळ्यावरच त्याचा संसार, म्हणजे एक गादी आणि एक कुकर. शटरचा आवाज ऐकून तो डोळे चोळत आला, गाडी बघितली, आणि त्याची झोप उडाली.

"बदरूभाय, मी करतो. तू बस बाहेर."

"तू वायरी जोड लोकांच्या. माझ्या गाडीला हात लावलास तर हात राहणार नाही."

"बरं बाबा. मी नुसता उभा राहतो."

"उभा राहायला पैसे पडत नाहीत. राहा."

बाळकृष्ण राहिला. मित्र असावा तर असा, शिव्या खाऊनही न हलणारा.

इंजिनच्या बाजूची पाण्याची डबी, म्हणजे ज्यातून इंजिनला गार ठेवणारं लाल कूलंट जातं ती प्लास्टिकची टाकी, रिकामी होती. त्या दिवशी सगळं उकळून गेलेलं. बदरुद्दीनने टॉर्च मारला. डबीच्या आत पांढरट कडं धरलं होतं. त्याने भुवई चढवली. डिकी उघडली. त्याने स्वतः घेऊन दिलेला कूलंटचा कॅन तिथे होता, सीलबंद, न उघडलेला. तोच कॅन फोडून त्याने डबी भरली, दुसरी बॅटरी लावली, किल्ली फिरवली.

गाडी एका झटक्यात चालू झाली. इंजिनला काही म्हणता काही झालेलं नव्हतं. आणि हे असं का, ते बदरुद्दीनइतकं दुसऱ्या कोणाला कळणार होतं? शारीकला गाडी शिकवताना त्यानेच कानीकपाळी ओरडून सांगितलं होतं: इंजिन तापलं की जागच्या जागी थांबायचं. पुढचा पंप दिसत असला तरी नाही न्यायची. दोन मिनिटं पुढे नेलीस तर इंजिन गेलं समज. पोराने ऐकलं. बापाचा शब्द पाळला, जागच्या जागी थांबला, बापाचं इंजिन वाचवलं. बदरुद्दीनने स्टिअरिंगवर कपाळ टेकलं. बाळकृष्ण पाठ करून उभा राहिला, दुकानाच्या भिंतीवरचं जुनं कॅलेंडर वाचत.

पिवळा दिवा लागलेलाच होता. स्कॅनरने तीच जुनी तक्रार दाखवली: पाण्याच्या तापमानाचा सेन्सर. पण खोटं सेन्सर बोलतोय की त्याची वायर, हे दिवा सांगत नाही. ते माणसाने शोधायचं असतं. त्याने प्लग काढून बघितला. गंज नाही. मीटर लावून वायरीचं टोक न टोक तपासलं. वायर खणखणीत. मग त्याने इंजिन चालू ठेवलं आणि काट्याकडे बघत बसला.

काटा हळूहळू चढला आणि मध्याच्या खाली थांबला. स्कॅनरवर साठाचा आकडा. त्याने रबरी होजला बोट लावलं आणि चटका बसून मागे घेतलं. तापमान मोजायची बंदूक रोखली. शंभरावर.

"बंद कर," बाळकृष्ण म्हणाला.

त्याने आधीच बंद केलं होतं. आत पाणी उकळतंय, आणि सेन्सर गाडीतल्या कॉम्प्युटरला सांगतोय की अजून कोमट आहे. कॉम्प्युटर बिचारा ऐकीव माहितीवर चालणारा. त्याने पंखाच लावला नाही. काटाही त्याच सेन्सरचं ऐकतो. म्हणजे शारीकच्या समोर काटा शेवटपर्यंत शहाण्यासारखा खाली बसून होता. बॉनेटमधून वाफ आली तेव्हाच त्याला कळलं असणार.

इंजिन गार होईपर्यंत दोघांनी चहा घेतला. मग बदरुद्दीनने सेन्सर खोलला. बोटाच्या पेराएवढी पितळी वस्तू. तिच्या टोकावर पांढरा, खडबडीत थर चढला होता, घरच्या चहाच्या किटलीच्या तळाला धरतो तसा, पण जाड. नखाने खरवडला तर खडूची भुकटी पडली. त्याने रेडिएटरचं तोंड उघडून टॉर्च मारला. आतल्या बारीक नळ्यांवरही तेच.

"साधं पाणी ओतत होता कोणीतरी," बाळकृष्ण म्हणाला. "क्षाराचं. एकदा-दोनदा नव्हे. दोन-तीन वर्षं ओतलेलं दिसतंय."

बदरुद्दीनच्या डोक्यात तिडीक गेली. मेकॅनिकचा पोर, डिकीत कूलंटचा कॅन, आणि गाडीत साधं पाणी? त्याला हजारदा सांगितलं होतं. झोपेतून उठवून विचारलं असतं तरी त्याने सांगितलं असतं. "आळशी," तो म्हणाला, "आळशी मेला." आणि मग ज्याला शिवी दिली तो ती ऐकायलाही नाही हे आठवून त्याचा चेहरा वाकडा झाला. बाळकृष्णाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि ह्या खेपेला त्याने तो झटकला नाही.

पण आता खोटं कशाला बोला, रडता रडता त्याच्या छातीवरचा दगड थोडा हललाही होता. दिवा आपण पुसला ही चूक खरी. पण मुळातलं दुखणं आपलं नाही. पोराच्या आळसाचं आहे. हे खुर्शीदला सांगता येईल. तिला दुःख होईल, पण निदान ती आपल्याकडे असं परक्यासारखं बघणार नाही. सेन्सर त्याने चिंधीत गुंडाळून सदऱ्याच्या खिशात टाकला आणि जुम्म्याची नमाज पढून घरी गेला.

खुर्शीदने ताट वाढलं. इकरा आत झोपली होती. तो जेवला नाही.

"बघितलीत?" तिने विचारलं.

"बघितली."

ती त्याच्या समोर बसली, पदर डोक्यावरून नीट ओढून, जणू कोणी मोठं माणूस निरोप सांगायला आलंय. "सांगा."

"गाडी पाण्यामुळे..."

"पाण्याचं नाव घेऊ नका," ती मध्येच म्हणाली. "पाणी मी कधी कमी पडू दिलं नाही त्याला."

बदरुद्दीनला आधी कळलंच नाही. "तू? तू कुठलं पाणी?"

तिने थोडा वेळ बोटातली अंगठी फिरवली. "तुम्हाला सांगितलं नव्हतं. तुम्ही ओरडला असतात. शारीक म्हणायचा, अम्मी, अब्बांच्या कानावर जाऊ देऊ नको, मला गॅरेजात उलटा टांगतील." तिच्या ओठांवर हसू आलं, पण टिकलं नाही. "तुम्ही मशिदीत असायचात. मी खाली उतरायची. तो ती डबी उघडून द्यायचा. मी मक्केचं जमजम ओतायची. आयतुल कुर्सीची आयत पढून, पाण्यावर दम फुंकून. एकही खेप चुकवली नाही मी. ताप असला तरी उतरायची. तो हसायचा माझ्यावर. म्हणायचा, अम्मी, ही गाडी आता हाजी झाली, हिला पंक्चरसुद्धा होणार नाही."

खिशातला सेन्सर बदरुद्दीनला एकदम जड वाटला.

"मला झोप येत नाही ना," खुर्शीद सांगत होती, "तेव्हा मी तेच आठवते. की माझ्याकडून जेवढं व्हायचं तेवढं मी केलं होतं. रिकाम्या हाताने नाही पाठवला मी माझ्या पोराला. एवढ्या एका गोष्टीवर मी उभी आहे, इकराचे अब्बा, नाहीतर त्याच्या मागोमाग केव्हाच गेले असते." मग तिने डोळे पुसले आणि त्याच्याकडे बघितलं. "पण मला एवढंच कळत नाही. इतकं करूनसुद्धा ती गाडी का थांबली?"

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, म्हणतात ते हे. बदरुद्दीन समोरच्या भाताकडे बघत राहिला. शारीक आळशी नव्हता. त्याला सगळं ठाऊक होतं, बापाने शिकवलेलं सगळं, आणि तरी त्याने झाकण उघडून आईपुढे धरलं होतं, कारण आईला नाही म्हणणं त्याच्याच्याने झालं नाही. आणि जमजमला बोल लावायची बदरुद्दीनची बिशाद नव्हती. बोल लावण्यासारखं त्यात काही नव्हतंही. कुठल्याही विहिरीचं, नळाचं ओतलं असतं, तरी थर हाच बसला असता. ते पाणी माणसाच्या पोटासाठी होतं. एका आईने ते लोखंडाच्या पोटात ओतलं, एवढंच. बरं, दिवा त्यासाठीच तर लागत होता. सांगत होता की बाबांनो, आत काहीतरी बसलंय, बघा. आणि बघण्याचं काम ज्याचं, त्याने तो पुसला होता. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो त्याच्या स्वतःच्या घरात होता.

हे सगळं तो तिला सांगू शकत होता. खरं होतं ते. तिने मागितलं होतं ते. खिशात पुरावा होता. आणि ते ऐकल्यावर ती ज्या एका गोष्टीवर उभी होती, तीच तिच्या पायाखालून जाणार होती. मग ती किती दिवस जगली असती, आणि कशाच्या आधारावर?

"वायर," तो म्हणाला.

"काय?"

"सेन्सरची वायर तुटलेली होती. त्यामुळे पंखा लागला नाही आणि इंजिन तापलं. दिवा त्याचाच लागत होता. मी त्या संध्याकाळी बॉनेट उघडून बघितलं असतं तर हाताच्या अंतरावर दिसली असती. मी बघितलं नाही. दिवा पुसला आणि त्याला जा म्हणालो." त्याने ताट बाजूला सरकवलं. "पाण्याचं काही नाही, खुर्शीद. पाणी भरपूर होतं. चूक माझी आहे."

 खुर्शीद जे इतके महिने बोलली नव्हती ते सगळं एकदम बाहेर आलं. ती ओरडली नाही. हळू आवाजात, दात आवळून म्हणाली, "मी तिथे उभी होते. तुम्ही म्हणालात, काही होत नाही. माझ्या पोराने तुमच्यावर भरवसा ठेवला. तुम्ही मारलंत त्याला. इतरांच्या गाड्या बघत बसलात आणि माझ्या पोराला मारलंत."

"हो," बदरुद्दीन म्हणाला.

ती त्याच्या हातावर कपाळ टेकून रडू लागली. ज्या हातावर राग, त्याच हातावर. इकरा उठून दारात येऊन उभी राहिली आणि तिला आत यावं की नाही ते कळेना. बदरुद्दीनने दुसरा हात खिशावर घट्ट दाबून धरला होता.

दुसऱ्या दिवशी त्याने नवा सेन्सर बसवला, रेडिएटर बदलला, सगळ्या नळ्या धुऊन काढल्या, डावीकडचा आरसा लावला. जुना सेन्सर सनाइयातल्या भंगाराच्या पिंपात टाकताना बाळकृष्णाने बघितलं.

"वहिनीला काय सांगितलंस?"

"वायर."

बाळकृष्ण वायरचा माणूस. त्याच वायरी त्याने मीटरवर खणखणीत वाजलेल्या बघितल्या होत्या. तो मित्राकडे टक लावून बघत राहिला, पाणी कोणाच्या हातचं ते त्याला उमगलं, आणि मग स्टीलचा एक क्लॅम्प आणून त्याने त्या पाण्याच्या डबीच्या झाकणावर आवळून दिला. आता ते पान्याशिवाय उघडणार नव्हतं.

रविवारी इकराची गाडी घेऊन जायची पहिली सकाळ. बदरुद्दीन फजरला घराजवळच्या मशिदीत गेला आणि इतर दिवसांसारखा तिथे बसून न राहता लगेच परतला. पोरीला ड्रायव्हरच्या सीटवर बसवून तो खिडकीत वाकला. "किल्ली फिरवलीस की सगळे दिवे लागतात. चालू झाली की ते विझायला पाहिजेत. हा पिवळा विझल्याशिवाय निघायचं नाही. आणि वाटेत लागला तर फोन कर, मग मी कुठेही असेन. आणि थांबायची वेळ आली तर कडेला नाही थांबायचं गो. इंजिन जळालं तरी चालेल. पंपावर नेऊन थांब."

"इंजिन जळालं तरी?" इकराने वर बघितलं. तिने बापाच्या तोंडून असलं काही जन्मात ऐकलं नव्हतं.

"जळू दे."

ती खाली उतरून गाडीच्या पुढे आली. उघड्या बॉनेटखाली नवा कोरा रेडिएटर चमकत होता. पोरगी लॅबमध्ये दिवसभर नमुने तपासणारी. "अब्बा," ती हळूच म्हणाली, "वायर टूटी थी, तो रेडिएटर क्यूं बदला?"

त्याने तिच्याकडे नुसतं बघितलं. तिने झाकणावरचा तो क्लॅम्प बघितला. मग वर तिसऱ्या मजल्याच्या खिडकीकडे बघितलं, जिथून आई बाटली घेऊन गाडीपाशी उभी असलेली तिला कित्येकदा दिसली असणार. तिचा चेहरा पांढरा पडला. ती परत सीटवर जाऊन बसली.

तेवढ्यात खुर्शीद जिन्यातून खाली आली. हातात जमजमची बाटली. ओठ हलत होते, आयत चालू होती. उघड्या बॉनेटपाशी येऊन तिने पाण्यावर फुंकर घातली आणि डबीच्या झाकणाकडे हात नेला.

बदरुद्दीनने मध्ये हात घातला. "गाडीत नको."

"का?" खुर्शीद थांबली. तिने आधी क्लॅम्पकडे बघितलं, मग नवऱ्याकडे. सकाळच्या उजेडात तिचा चेहरा एकदम म्हातारा दिसत होता. "का नको? गाडीत ओतलं तर काय होतं?"

 बदरुद्दीनने बायकोच्या डोळ्यांत बघितलं. तेच शब्द होते, दुसरे शोधूनही सापडले नसते.

"काही होत नाही," तो म्हणाला. "काहीच होत नाही, खुर्शीद. गाडीचं पोट मी भरलंय. पोरगी मात्र उपाशी निघालीय. ज्याला घरी परत यायचंय, त्याला पाज."

खुर्शीद जरा वेळ बाटली धरून तशीच उभी राहिली. मग खिडकीपाशी गेली. इकराने दोन्ही हातांनी बाटली घेतली आणि मोठमोठे घोट घेतले, हनुवटीवरून पाणी ओघळलं ते पुसलंही नाही. आईने तिच्या कपाळावर, केसांवर फुंकर घातली. बदरुद्दीनने बॉनेट खाली घेतलं. किल्ली फिरली, सगळे दिवे लागले, आणि एकेक करून विझले. पिवळा दिवा सगळ्यांच्या शेवटी विझला. गाडी गल्लीच्या टोकाला वळून उत्तरेच्या रस्त्याला लागेपर्यंत दोघं तिथेच उभी होती.

बाटलीत थोडंसं पाणी उरलं होतं. खुर्शीदने ते बघितलं, आणि ज्याला परवा तिने फक्त खुनी म्हणायचं तेवढं बाकी ठेवलं होतं, त्याच्यापुढे बाटली केली.

"घ्या," ती म्हणाली. "तुम्हीपण घ्या. रात्रभर झोपला नाहीत."

बदरुद्दीनने बाटली घेतली. मक्केच्या दिशेला, किब्ल्याकडे तोंड केलं, बिस्मिल्ला म्हटलं, आणि ते पाणी तोंडात धरून उभा राहिला. ते घशाखाली उतरवायला त्याला फार वेळ लागला. मग त्याने रिकामी बाटली तिच्या हातात दिली आणि दोघं जिना चढू लागली.